चावी हाती घेण्यापूर्वी : महाविद्यालयाचे नाट्यगृह आणि नाट्यप्रयोग नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

ज्या महाविद्यालयात स्वतंत्र नाट्यशास्त्र विभाग नाही, तिथे नाट्यगृहाची आणि नाट्यप्रयोगांची जबाबदारी बहुधा मराठीच्या किंवा नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. माझ्याही गळ्यात ती तशीच पडली. खानदेशात, तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी, सत्र सुरू होऊन पंधरा दिवस झाले असताना, प्राचार्यांनी सतरा चाव्यांचा जुडगा माझ्या हाती दिला आणि "आता हे तुमचं" एवढेच म्हणाले. त्यातल्या पाच चाव्या कोणत्याच कुलपाला लागत नव्हत्या, आणि विजेच्या मुख्य फलकाच्या खोलीची चावी जुडग्यात नव्हतीच. हे कळले रंगीत तालमीत एका बाजूचे दिवे गेले तेव्हा. शिपाईदादांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "चावी मन्हाजोडे नही शे, सर. वायरमनजोडे शे." वायरमन लग्नाला चोपड्याला गेलेले होते. उरलेली तालीम आम्ही ट्यूबलाइटच्या उजेडात उरकली.

नाटक बसवणे ही कला आहे, पण नाट्यगृह चालवणे हे बऱ्याच अंशी ताब्याचे काम आहे : कोणती खोली, कोणती वस्तू आणि दिवसातला कोणता तास कोणाच्या ताब्यात आहे, हे ज्याला ठाऊक असते त्याचाच प्रयोग वेळेवर सुरू होतो. पुढील पायऱ्या मी त्याच क्रमाने दिल्या आहेत, ज्या क्रमाने त्या मला आधी कोणी सांगायला हव्या होत्या.

१. चार्ज घेताना मोजल्याशिवाय सही करू नका

पहिल्या आठवड्यात नाटकाचा विचार बाजूला ठेवून एक वही, एक मोजपट्टी आणि एक बॅटरी घेऊन संपूर्ण इमारत फिरा. मंचाच्या दर्शनी कमानीची रुंदी आणि उंची, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतची खोली, दोन्ही विंगांत (मंचाच्या बाजूच्या आडोशांत) नट उभे राहू शकतील अशी मोकळी जागा, दिवे टांगण्याचे बार किती आणि ते किती उंचीवर, प्रत्येक प्लग कोठे आहे आणि कोणत्या स्विचवर चालतो, प्रेक्षागृहाची दारे किती आणि ती आत उघडतात की बाहेर, हे सर्व आलेख कागदावर उतरवून घ्या. हा नकाशा पुढे तुम्हाला प्रत्येक दिग्दर्शकाला द्यावा लागणार आहे.

त्यानंतर डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) घेऊन लिपिकाला सोबत उभे करा आणि प्रत्येक वस्तू डोळ्यांनी पाहूनच खूण करा. मी पहिल्या वर्षी विश्वासाने सही केली, आणि पुढच्या वर्षीच्या तपासणीत दोन माइक व एक ॲम्प्लिफायर केवळ कागदावरच अस्तित्वात असल्याचे निघाले. ते माझ्या आधीच्या आधीच्या माणसाच्या काळात गेले होते, पण सही माझी होती.

चाव्यांना पत्र्याचे बिल्ले लावा. एक संच तुमच्याकडे, दुसरा शिपाईदादांकडे आणि तिसरा लखोट्यात बंद करून प्राचार्यांच्या कपाटात असावा. वीजफलकाची चावी या तिन्ही संचांत हवी.

आणखी एक नियम, ज्यात मी कोणाचीही भीड ठेवत नाही : प्रेक्षक आत असताना बाहेर पडण्याच्या एकाही दाराला कुलूप असता कामा नये. फुकटे आत शिरतात म्हणून बाजूची दारे बंद करण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली, आणि बंद दारे व वाढीव खुर्च्यांनी अडवलेली वाट ही त्यामागची मोठी कारणे होती. फुकट्यांसाठी दाराशी स्वयंसेवक उभा करा, कुलूप नको.

२. वर्षाचे वेळापत्रक जूनमध्येच बांधा

महाविद्यालयाचे नाट्यगृह केवळ नाटकाचे कधीच नसते. तिथे परीक्षेची बाके लागतात, रक्तदान शिबिर होते, संस्थेची वार्षिक सभा भरते, निवडणूक आली की कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही तिथेच होते. म्हणून जूनमध्ये परीक्षा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि कार्यालय यांच्याकडून तारखा मागून घ्या आणि नोंदवहीत मागणी लेखी आल्याशिवाय सभागृह कोणालाही देऊ नका. तोंडी सांगून गेलेला माणूस कार्यक्रमाच्या दिवशी हजर होतो, हा माझा अनुभव आहे. प्रयोगाच्या आधीचे दोन पूर्ण दिवसही नोंदवहीत अडवून ठेवा, कारण दिवे टांगायला आणि रंगीत तालमीला ते लागतातच.

आपल्या भागाचे स्वतःचे वेळापत्रकही विसरू नका. श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवाच्या रविवारी घरी न जाणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणी ऐन भरात असते आणि तुमचा नायक दोन-तीन दिवस शेतात असणार, हे गृहीत धरावे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास उन्हाचा पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या छताखाली त्या दिवसांत दुपारची तालीम ठेवणे म्हणजे मुलांना भट्टीत बसवणे होय.

३. विजेचा हिशेब कागदावर मांडा

या पायरीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण नवख्या व्यवस्थापकाची सर्वांत मोठी फजिती इथेच होते.

एक हजार वॉटचा हॅलोजन दिवा २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर वीज ओढतो. म्हणजे १६ अँपिअरच्या प्लगवर असे तीन दिवे चालतील, चौथा लावला की तो मर्यादेपलीकडे जातो. गंमत अशी की चौथा दिवा लावल्याबरोबर काहीच होत नाही. वायर हळूहळू तापते आणि नाटकाच्या मध्यावर, नेमक्या गंभीर प्रसंगी, अंधार होतो. बारा दिवे एकाच फेजवर (इमारतीत येणाऱ्या तीन वीजवाहिन्यांपैकी एकीवर) घेतले तर भार ५२ अँपिअरपर्यंत जातो. तेच तीन फेजवर चार-चार वाटले तर प्रत्येक फेजवर १७ अँपिअरच्या आसपास येतो. त्यामुळे दिवे टांगण्याआधी कोणता दिवा कोणत्या फेजवर आणि डिमरच्या (दिवे मंद-तेज करणाऱ्या यंत्राच्या) कोणत्या चॅनेलवर, याचा तक्ता करून तो डिमरशेजारी चिकटवा. वीजबिलावर छापलेला मंजूर भारही एकदा पाहून ठेवा. आमच्या सभागृहाचा मंजूर भार पंखे आणि ट्यूबलाइट धरूनच घेतलेला होता, हे मला तिसऱ्या वर्षी कळले.

ध्वनिव्यवस्था डिमरच्या फेजवर कधीही लावू नका. दिवे मंद केले की स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज येऊ लागतो, आणि ध्वनिवाला माइक बदलत बसतो. दोष माइकचा नसतो.

एलईडी पार दिवे घेतल्यास भार पुष्कळ कमी होतो. तीन वॉटचे ५४ बिंदू असलेला दिवा दीडशे वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे असे बारा दिवे दोन हजार वॉटच्या आत बसतात. मात्र स्वस्त एलईडीच्या पांढऱ्या उजेडात चेहरे निळसर, आजारी दिसतात आणि मंद करताना दिवा पायरी-पायरीने उतरतो. म्हणून मी समोरून चेहऱ्यावर पडणारे दिवे अजूनही हॅलोजनचे ठेवतो आणि रंगांसाठी एलईडी वापरतो. रंगभूषा नेहमी याच उजेडात तपासून घ्यावी, ग्रीनरूमच्या ट्यूबखाली नव्हे.

जनरेटर भाड्याने आणताना त्यावर लिहिलेले केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हेत. २५ केव्हीएचा जनरेटर साधारण २० किलोवॉट भार घेतो. वीज गेल्यापासून तो भार उचलेपर्यंतचा काळ पूर्ण अंधाराचा असतो, तेव्हा प्रेक्षागृहात निदान दोन आणि प्रत्येक विंगेत एक असे बॅटरीवरचे दिवे चार्ज करून ठेवलेले असावेत.

अर्थिंगविषयी एक स्थानिक सूचना. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग नावापुरते उरते. माइक ओठांना लागताच झटका बसल्याची तक्रार आली, तर आधी तो खड्डा पाहा. आमच्याकडे फेब्रुवारीपासून दर आठवड्याला त्यात दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम शिपाईदादांच्या कामांच्या यादीत लिहूनच ठेवले आहे.

प्रत्येक टांगलेल्या दिव्याला क्लॅम्पव्यतिरिक्त सुरक्षा साखळी हवी. शिडीवर माणूस असेल तर शिडी धरणारा दुसरा माणूस हवाच, आणि ते काम विद्यार्थ्याला अनवाणी, चालू विजेवर करू देऊ नये. विजेच्या आगीवर पाणी चालत नाही. मंचाच्या दोन्ही बाजूंना कार्बन डायऑक्साइडची किंवा कोरड्या भुकटीची नळकांडी ठेवा आणि ती चालवून दाखवणारा माणूस वर्षातून एकदा बोलवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा घ्यावे लागते. ते कार्यालयात आहे का, हे विचारा. बहुतेक वेळा 'शोधतो' असे उत्तर मिळते.

४. संहिता आणि परवानग्या

संहिता निवडल्याबरोबर लेखकाची लेखी परवानगी मागा. लेखक हयात नसले तरी त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतात, त्यामुळे 'जुने नाटक आहे, कोण विचारतो' हा युक्तिवाद करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शैक्षणिक संस्थेला एक सवलत आहे : संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी व शिक्षकांनी केलेला प्रयोग केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित मंडळी यांच्यापुढे झाला, तर तो हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावले किंवा गावाला आमंत्रण दिले की ही सवलत संपते. अनेकांची चूक अशी की स्नेहसंमेलनात सवलतीवर केलेले नाटक ते पुढे परवानगीशिवाय खुल्या स्पर्धेत नेतात.

सार्वजनिक प्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत तर ते दाखवावेच लागते. संहिता मंडळाकडे निदान महिनाभर आधी पाठवा, आणि जी प्रत पाठवली तीच सादर करा. तालमीत सुचलेले नवे प्रवेश नंतर घुसडल्यास प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही. अहिराणी संहिता असल्यास कठीण शब्दांचे प्रमाण मराठीतले अर्थ समासात लिहून पाठवावेत, म्हणजे वाचणाऱ्याची अडचण होत नाही.

प्रयोग खुल्या मंचावर असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही; शिवाय शैक्षणिक संस्था आणि रुग्णालयांभोवतीचा निदान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. बंदिस्त सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सूट आहे, पण दारे सताड उघडी ठेवून ती सूट मागता येत नाही.

एका फाइलमध्ये पुढील कागद प्रयोगाच्या आठ दिवस आधी लागलेले असावेत :

– संहितेची अंतिम प्रत, लेखकाचे परवानगीपत्र आणि मंडळाचे प्रमाणपत्र
– विद्यार्थ्यांचे बोनाफाईड, ओळखपत्रांच्या व दहावीच्या प्रमाणपत्राच्या प्रती (वयाच्या पुराव्यासाठी)
– पालकांची संमतीपत्रे, दूरध्वनी क्रमांकांसह
– मंजूर अंदाजपत्रक आणि दरपत्रके
– पोलीस परवानगी, लागत असल्यास
– सोबत जाणाऱ्या शिक्षकांचा कार्यालयीन आदेश

५. पैसे

तीन दरपत्रके, खरेदी समितीची सही, मग आगाऊ रक्कम, आणि प्रयोगानंतर पावत्या लावून समायोजन, हा क्रम चुकवू नका. सापळा एकच आहे : नेपथ्याचा सुतार, मेंढपाळाची काठी विकत देणारे आजोबा, चहाची टपरी यांच्याकडे छापील बिल नसते. अशा खर्चासाठी साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि सही घेण्याचे व्हाउचर कोरे छापून खिशात बाळगा. तसे न केल्यामुळे पहिल्या वर्षी माझ्या खिशातले साडेसहाशे रुपये गेले, ते गेलेच.

६. तालीम एसटीच्या वेळेवर चालते

दिग्दर्शकाला वाटते की तालीम रंगली की ती थांबवू नये. व्यवस्थापक म्हणून तुम्हाला थांबवावी लागेल. आमच्या निम्म्याहून अधिक मुली आजूबाजूच्या खेड्यांतून येतात आणि त्यांची शेवटची गाडी संध्याकाळी सव्वासहाला सुटते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून गाव, शेवटची गाडी आणि बसथांब्यापासून घराचे अंतर लिहून घ्या, आणि बाहेरगावच्यांचे प्रवेश आधी, गावातल्यांचे नंतर अशी तालमीची मांडणी करा. उशिरापर्यंत थांबणे अटळ असेल तर महिला प्राध्यापक हजर असाव्यात, परतीची सोय ठरलेली असावी आणि पालकांना आधीच कळवलेले असावे. एका पालकाने रात्री साडेनऊला गेटवर येऊन मला जे सुनावले, ते योग्यच होते.

सभागृह तालमीसाठी रोज मिळत नाही. त्याऐवजी वर्गखोलीत किंवा व्हरांड्यात मंचाच्या मापाचा चौकोन चिकटपट्टीने आखा, विंगांच्या जागी खुर्च्या ठेवा. पहिल्या पायरीतला नकाशा इथे उपयोगी पडतो.

युवक महोत्सवासाठी बसवत असाल तर घड्याळ पहिल्या दिवसापासून लावा. भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांत एकांकिकेला ३० मिनिटे, नेपथ्य लावण्या-काढण्यासाठी १० मिनिटे, नऊ कलावंत आणि तीन साथीदार एवढीच मुभा आहे. प्रहसनाला १० मिनिटे आणि सहा जण, मूकनाट्याला ५ मिनिटे आणि सहा जण. आपल्या विद्यापीठाच्या 'युवारंग' युवक महोत्सवामध्ये किंवा पुढे राज्यस्तरीय 'इंद्रधनुष्य'मध्ये जाण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक शब्दशः वाचा. माझा आग्रह असा की एकांकिका तालमीत २७ मिनिटांवर आणावी, कारण प्रेक्षक हसले की ती आपोआप वाढते.

७. नेपथ्य टेम्पोत मावले पाहिजे

नेपथ्यकार कागदावर वाडा उभा करतो. तो छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, जातो का, हे तुम्ही विचारायचे. त्याचा हौदा साधारण सात फूट लांबीचा असतो. आठ बाय चार फुटांचा फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतीची चौकट) त्यातून बाहेर येतो, आणि धुळ्याच्या रस्त्यावर वाऱ्याने तो शिडासारखा फडफडतो. आम्ही आता फ्लॅट बिजागऱ्यांनी दुमडणारे करतो आणि प्रत्येक भागाच्या मागे खडूऐवजी रंगाने क्रमांक घालतो. नेपथ्य लावण्याची स्वतंत्र तालीम घ्या, घड्याळ लावून आणि तोंडाने एक शब्दही न बोलता. चार मिनिटांत जमेपर्यंत ती थांबवू नका.

बाहेरच्या नाट्यगृहात प्रयोग असेल, मग ते जळगावचे छत्रपती संभाजी राजे नाट्यगृह असो, धुळ्याचे राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर असो की नंदुरबारचे छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर, आठवडाभर आधी स्वतः जाऊन मंच मोजून या. आपल्या घरच्या मंचावर तीन पावलांत होणारी एन्ट्री तिथे सात पावलांची होते, आणि पार्श्वसंगीताचा क्यू (ते सुरू करण्याचा इशारा) चुकतो.

८. प्रयोगाचा दिवस

संध्याकाळी सहाचा प्रयोग असेल तर माझा दिवस असा असतो. सकाळी आठला कुलूप उघडून झाडलोट, मग दहापर्यंत नेपथ्य. दहा ते एक दिवे टांगणे आणि रोखणे. या वेळेत मंचावर दुसरे कोणीही नको, नटही नको. दुपारी ध्वनी तपासणी, त्यानंतर संवाद न म्हणता केवळ प्रकाश आणि संगीताचे क्यू क्रमाने घेणे. तीननंतर नटांना मंच बंद. चारला रंगभूषा सुरू होते आणि तिथे फक्त कळण्याची भाकरी आणि ठेचा असा कोरडा डबा चालतो, कारण शेवभाजीच्या रश्श्याने एकदा राजाचा अंगरखा गेला आहे.

पाचला प्रेक्षागृहाची दारे, मार्गिका आणि स्वच्छतागृहे मी स्वतः पाहतो. वाढीव खुर्ची मार्गिकेत लागली असेल तर ती उचलायला लावतो, ती संस्थेच्या संचालकांसाठी असली तरी. साडेपाचला नटराजपूजन आणि नारळ. नारळ मंचावर फोडू नका, बाहेर फोडा, सांडलेल्या पाण्यावर पाय घसरतो आणि ते पाणी फूटलाइटच्या वायरीपर्यंत जाते. पहिली घंटा पंधरा मिनिटे आधी, दुसरी पाच मिनिटे आधी. तिसऱ्या घंटेचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, आणि त्याला प्रमुख पाहुण्यांची वाट पाहण्याची सूचना देण्याचा हक्क कोणालाच नसावा. हे शेवटचे वाक्य मला अजून पूर्णपणे अमलात आणता आलेले नाही.

प्रयोग चालू असताना तुमची जागा पहिल्या रांगेत नाही, विंगेत आहे : हातात क्यूंची प्रत, खिशात बॅटरी आणि वीजफलकाची चावी.

९. पडदा पडल्यानंतर

टाळ्या संपल्या की सगळे फोटोंसाठी धावतात आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात भाड्याच्या वस्तू हरवतात. हस्तसामग्रीसाठी दोन विद्यार्थी आधीच नेमा. त्यांचा फोटो सर्वांत शेवटी काढला जाईल, हे त्यांना सांगून ठेवा. दिवे गार झाल्याशिवाय उतरवू नका. गरम हॅलोजनला हात लागला तर फोड येतो, आणि गरम असताना धक्का बसला तर दिवा जातो. वायरी कोपरावर गुंडाळू नका, मोठी वेटोळी करून टांगा, नाहीतर आतली तार तुटते. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून त्या जमिनीवर किंवा खोक्यात ठेवणे नकोच.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरशी ताळा करा, तुटफूट लिहा, भाड्याच्या वस्तू परत केल्याच्या पावत्या घ्या आणि आठवड्याच्या आत समायोजन सादर करा. पावसाळा संपला की पडदे उन्हात टाकायचे आणि लेव्हलना (मंचावर उंचवटा करण्याच्या लाकडी चौथऱ्यांना) वाळवी लागली का ते पाहायचे. ही वार्षिक तपासणी मी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला करतो. त्या दिवशी पूजेसाठी सगळी मंडळी आपोआप जमलेली असतात, त्यामुळे लेव्हल उचलायला हात मिळतात. सगळे आवरले की चाव्या मोजाव्यात. आमच्याकडे आता त्या चौदा आहेत आणि चौदाही लागतात.